नमुना घरातील स्त्री

मसुद्याच्या चौदाव्या पानावर, नवव्या परिच्छेदात, तक्तेमास्तरांना त्यांची बायको भेटली.

सकाळचे साडेदहा झाले होते. विमानांच्या भीतीने कचेरीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे दिवसाही दिवे लावावे लागत. आणि वीज जपून वापरा असं परिपत्रक असल्यामुळे तीनपैकी एकच दिवा लावत. ज्यांची नजर अधू आहे त्यांनी त्या एका दिव्याखाली पाळीपाळीने कसं बसायचं याचा तक्ता मास्तरांनीच करून दिला होता. मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. सरकारी वेतन शाखेत सव्वीस वर्षं ते तक्ते आखत आले होते, म्हणून सगळे त्यांना तक्तेमास्तर म्हणत. आज दिव्याखाली त्यांची पाळी होती. लढाई सुरू झाली त्या महिन्यात सरकारने सगळ्यांचे पगार गोठवले होते. आता तिसऱ्या वर्षी, बाजार कुठल्या कुठे गेल्यावर, अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना जगायला नेमकं किती लागतं हे ठरवायला तीन माणसांची समिती बसवली होती, आणि समितीचा मसुदा टाइप होऊन मास्तरांकडे आकडे ताडून पाहायला आला होता. मास्तर बोट ठेवून वाचत. बोट साखरेवरून साबणावर आलं. 'नमुना घरातील स्त्री दिवसातून दोन वेळा चहा घेते,' असं तिथे लिहिलं होतं. 'पैकी सकाळचा उभ्याने. साबणाची वडी तिला सहा आठवडे पुरते. उरलेला पापुद्रा ती नव्या वडीला चिकटवते.'

मास्तरांनी बोट उचललं आणि दिव्यापुढे धरून पाहिलं. बोटाला काही झालं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी ज्या बाईला ते स्वतः स्मशानात पोचवून आले होते, ती इथे समितीच्या मसुद्यात उभ्याने चहा पीत होती. कार्बनच्या दुसऱ्या प्रतीतही पीत होती. तिसरी प्रत जरा पुसट होती, पण तिथेही तीच.

"चूक सापडली का, मास्तर?" समोरच्या टेबलावरून टायपिस्टबाईंनी विचारलं. त्या तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या खात्यातून आल्या होत्या.

"नाही."

"मग थांबलात ते? नववा परिच्छेद असणार. तिथे मीही थांबले होते. फार आवडली मला ती बाई. बाकीच्या अर्जांतल्या बायका नुसत्या खातात आणि आजारी पडतात. ही एकटीच काहीतरी करते."

"काय करते?"

"पापुद्रा चिकटवते की," टायपिस्टबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवीन कागद चढवला.

हे असं कसं झालं ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं, आणि तरी ते त्यांना कुणाला नीट सांगता आलं नसतं. चाळीस हजार कारकुनांतून शंभरात एक याप्रमाणे चारशेजणांना अर्ज वाटले होते. त्यात एक मास्तरांना आला. ती जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. त्या सात आठवड्यांत सकाळी उठायचं, पाव खायचा, कचेरीत यायचं, परत जायचं, पाव खायचा, एवढंच त्यांनी केलं होतं. रविवार जवळ आला की तो त्यांना नकोसा व्हायचा, कारण रविवारी कचेरी नसते. अशाच एका रविवारी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज पसरला. अडतीस रकान्यांचा चांगला सुटसुटीत अर्ज होता, त्यांनीच आखलेला. तिसरा रकाना होता 'घरातील माणसे'. तिथे त्यांच्या हाताने 'दोन' लिहिलं. खोटं लिहावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. इतकी वर्षं जिथे जिथे हा रकाना येई तिथे तो हात दोन लिहीत आला होता, आणि बदल झाल्याचं हाताला कुणी कळवलं नव्हतं. मग सहावा रकाना आला, साखर. दोन माणसांना साखर किती लागते ते मास्तरांना माहीत नव्हतं, साखर ती बघायची. सवयीने त्यांनी मान वर करून विचारलं, काय गं, साखर किती लागते आपल्याला? आणि उत्तर आलं. आवाजासकट आलं. तुम्हाला तीन चमचे, मला दीड, आणि कुणी पाहुणा आला तर माझा दीड त्याला. सात आठवड्यांत तिचा आवाज असा आला नव्हता. ते मुद्दाम आठवायला बसत तेव्हा तिचा फोटोतला चेहरा यायचा, फोटो काढणाऱ्याने सांगितलं म्हणून हसलेला, आणि तो चेहरा काही बोलत नसे. रकान्यापुढे विचारलं की मात्र ती बोलत होती, तीही थोडी वैतागून, हात कामात असल्यासारखी. रॉकेल? काड्यांच्या पेट्या? बूट किती वर्षं चालतात? बूट तुमचे, तुम्हाला माहीत. माझे अजून चांगले आहेत, फक्त पावसात घालत नाही. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद होता, त्यात हे सगळं मावेना, म्हणून त्यांनी पुरवणी जोडली. मग आणखी एक जोडली. खिडकीतला उजेड उतरेपर्यंत अकरा पुरवण्या झाल्या, अडतिसावा रकाना संपला, आणि आपण पन्नास का आखले नाहीत याची मास्तरांना खरोखर हळहळ वाटली.

बाकीच्यांनी अर्जाचं काय केलं होतं ते मास्तरांनी नंतर पाहिलं. लोकांना वाटलं, जितकं जास्त लिहू तितका पगार वाढेल. स्टोअरकीपरचं लग्नच झालेलं नव्हतं, पण त्याने पाच मुलं दाखवली होती, पैकी दोन अंगावर पिणारी, आणि त्यांच्या दुधाचा हिशेब वेगळा लावला होता. एकाच्या म्हाताऱ्या वडिलांना तोंडात दात नव्हता असं चौथ्या रकान्यात होतं, आणि सोळाव्यात ते रोज पावशेर मटण खात होते. समितीने तीनशे नव्व्याण्णव अर्ज अतिशयोक्त म्हणून बाजूला ठेवले. उरला दोनशे सतरा. अर्जावर नाव नसे, नुसता क्रमांक. क्रमांकामागचा माणूस कोण ते फक्त तक्ते शाखेच्या नोंदवहीत, म्हणजे मास्तरांच्या खणात. दोनशे सतराच्या समासात अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हा अर्ज जगलेल्या माणसांचा दिसतो. हेच नमुना घर धरावे.'

मसुदा गुप्त होता. दुपारच्या जेवणापर्यंत तो सगळ्या मजल्यांना पाठ झाला. अडीच वाजता कारकुनांच्या संघटनेचा सेक्रेटरी तरातरा आला. त्याला सगळे कर्णा म्हणत, कारण हळू बोलणं त्याला जमत नसे. जिन्यात तो कुणाशी खासगी बोलला तर तळमजल्यावरचे लोक उत्तर देत.

"दोनशे सतरा कुणाचा आहे, मास्तर? नाव द्या मला. कोण ही बया? सहा आठवडे साबण पुरतो म्हणे. अंग धुते की साबण नुसता अंगाला दाखवते? हिच्या दीड चमचा साखरेवर आता चाळीस हजार माणसांचा भत्ता बसणार. नाव द्या, मी तिच्या नवऱ्याला जाऊन भेटतो."

"भेटलास की," मास्तर म्हणाले. "ती माझी बायको."

कर्णा उभा होता तो स्टुलावर बसला. त्याने तिला खांदा दिला होता. त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "वहिनी?"

"हो."

"पण मास्तर, अर्ज तर..." त्याने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. "वहिनी तर त्याआधीच..."

"हो. हाताने दोन लिहिलं, आणि मग पुढचं सगळं दोघांचंच लिहावं लागलं."

कर्णाने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. त्याचा आवाज येत नाही म्हणून दोन टेबलांवरच्या लोकांनी माना वर करून पाहिलं. "माफ करा," तो म्हणाला. "बया म्हणालो ते. पण मास्तर, रागावू नका, एवढ्या कमीत कुणी संसार करतं का? बाकीच्यांनी दाखवलं तसं थोडं जास्त नको दाखवायला?"

"आहे ते लिहिलं. मी उद्या समितीपुढे सांगून टाकतो. अर्ज रद्द होईल."

"रद्द व्हायचा नाही. तुम्ही समितीतल्या त्या प्राध्यापकाला ओळखत नाही. तो म्हणेल, दोन नाहीत, एकच माणूस आहे ना, उत्तम. नमुना घर एका माणसाचं धरू. मग दोघांचे, चौघांचे, सहाजणांचे संसार एका तोंडाच्या भत्त्यावर चालवायचे. आज आहे ते निदान दोघांचं तरी आहे." त्याने स्टूल जवळ ओढलं. "एकतीस तारखेला संध्याकाळी पाचला अहवाल जातो. आणखी तीन आठवडे. तोवर काही बोलू नका. वहिनींना राहू द्या."

मास्तरांना हे पटलं नाही. पण त्या शेवटच्या दोन शब्दांनी छातीत कुठेतरी एक बटण सैल झाल्यासारखं झालं. पाच महिन्यांत सगळ्यांनी त्यांना आता सावरा म्हटलं होतं, आता विसरा म्हटलं होतं, कामात मन रमवा म्हटलं होतं. राहू द्या असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी हयात आहेत हे कचेरीला पाठ झालं. समितीचा शिपाई मजल्यावर दिसला रे दिसला की कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "काय मास्तर, वहिनी बऱ्या आहेत ना?" जी माणसं डोळे पुसत त्यांच्या घरी येऊन गेली होती तीच विचारायची. सुरुवातीला लाजत, मग सराईतपणे. स्टोअरकीपरला तर त्यात गोडीच लागली. "वहिनींना म्हणावं, थंडीचं जपा," असं तो शिपाई नसतानाही म्हणायचा. मास्तर खाली मान घालून "बरी आहे" म्हणत आणि पुढे सरकत. वाटायचं, हे थांबवायला हवं. आणि चौथ्या का पाचव्या दिवशी जिन्यात कुणी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून आलं, "बरी आहे. आज जरा पाय दुखतायत म्हणाली." ते तीन पायऱ्या चढले आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. कठड्याला धरून ते थोडा वेळ उभे राहिले. भीती वाटली ती खोटं बोललो याची नव्हती. तिचे पाय दुखत असतील, हे त्यांना त्या क्षणी अगदी खरं वाटलं होतं, आणि घरी जाताना तेल घ्यावं असंही मनात आलं होतं.

समितीच्या बैठकांना टिपणं घ्यायला मास्तरांनाच बसवत. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते, डोळे मिटून ऐकायचे. झोपलेत की ऐकतायत हे शेवटपर्यंत कळत नसे, आणि कुणालाच ते जाणून घ्यायची हिंमत होत नसे. दुसरे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आणि तिसऱ्या आहाराचा अभ्यास केलेल्या एक डॉक्टरीणबाई. आधी अधिकारी घेतले. अधिकाऱ्यांचं नमुना घर एका उपसचिवांचं होतं, आणि त्यात माळी, मोटार आणि एक कुत्रा होता. कुत्र्यावर अडीच दिवस गेले. युद्धकाळात अधिकाऱ्याने कुत्रा पाळावा का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा प्राध्यापक म्हणाले की कुत्रा हा पदाचा भाग आहे. घरात कुत्रा नसला तर कनिष्ठ लोक फाटकापर्यंत न थांबता थेट आत येतील. कुत्र्याची बिस्किटं मंजूर झाली. मास्तरांनी टिपून घेतलं. मग कारकून आले, आणि हातात लाल पेन्सिल घेऊन प्राध्यापक मास्तरांच्या बायकोकडे वळले. दुसऱ्या चहावर चर्चा झाली. चहा उभ्याने घेतला जातो याचा अर्थ तो आवश्यक नाही, असा प्राध्यापकांचा मुद्दा होता. आवश्यक असता तर माणूस बसला असता. "बसायला वेळ नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ नसेल तर घेऊ नये," प्राध्यापक म्हणाले. चहा कापला. साखर दीडवरून एकवर आली. सहा आठवडे पुरणारी वडी आठ आठवडे पुरवता येईल, कारण ही बाई पापुद्राही वाया घालवत नाही, म्हणजे तिच्यात अजून बरीच क्षमता आहे, असं प्राध्यापकांनी कौतुकाने सांगितलं. मास्तर लिहीत होते. त्यांना मधेच हसू आलं आणि ते खोकल्यात लपवावं लागलं. कारण तिला हे घरी जाऊन सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते त्यांना ऐकू आलं होतं, आणि ते समितीपुढे सांगण्यासारखं नव्हतं. पण पान उलटताना हसू गेलं. त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस जे करतोय ते नवीन नाही. साखर दोनवरून दीडवर आली होती ती त्यांच्याच घरी, पगार गोठला त्या वर्षी, आणि तेव्हा लाल पेन्सिल कुणाच्या हातात होती तेही त्यांना माहीत होतं. तिच्याच. आणि ते समोर बसून पेपर वाचत होते.

शेवटच्या बैठकीआधीच्या रविवारी मेहुणी आली. दर पंधरा दिवसांनी ती यायची, भांड्यातून काहीतरी शिजवलेलं आणायची, कपाटाकडे पाहून "भावोजी, ताईचे कपडे नेऊ का आता?" म्हणायची, आणि मास्तर "पुढच्या वेळी" म्हणायचे. यावेळी त्यांनी तिला सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली. टेबलावर कोपर टेकून, पदराने की रुमालाने कशाने डोळे पुसावेत हे न कळून, हाताच्या पाठीने पुसत हसली.

"म्हणजे ताईला शेवटी सरकारी नोकरी लागली म्हणायची. बाबांची केवढी इच्छा होती. दाखवा बघू काय काय लिहिलंय ते."

मास्तरांनी अर्जाची आपल्याकडची प्रत काढून दिली. ती वाचत गेली आणि मधेमधे म्हणत गेली, अगदी अगदी, हो, हे तिचंच, बूट पावसात न घालण्याचं तर लहानपणापासूनचं. मग ती थांबली.

"'बावीस. औषध : लागत नाही.' हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनेच. मी विचारायचो ना अधूनमधून. म्हणायची, आता नाही लागत."

"तुम्हाला म्हणायची, भावोजी." मेहुणीने कागद उलटा ठेवला. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. "छातीचं औषध दर महिन्याला एक बाटली घ्यायचं होतं. पगार गोठले, त्यानंतर दोन महिन्यांनी तिने बंद केलं. मला बोलली होती. मी म्हटलं, भावोजींना सांग. तर म्हणाली, नको, ते तक्ता करतील."

मेहुणी गेल्यावर मास्तर तिथेच बसून राहिले. बाहेर दुपार होती, कुणाची तरी मुलं भिंतीवर चेंडू मारत होती. त्यांना राग आला नाही, रडूही आलं नाही. ते तक्ता करतील. आणि त्यांनी केला असता, यात काही शंकाच नव्हती. तो तक्ता त्यांना आत्ताही दिसत होता: डाव्या बाजूला गरज, मग प्रमाण, मग पर्याय, आणि शेवटी शेरा. बाटलीसाठी जागा करायला त्यांनी स्वतःची तंबाखू कापली असती, सुबक अक्षरात, आणि तक्ता तिला वाचून दाखवला असता, आणि तिने तो ऐकून घेतला असता, आणि मग कदाचित औषधही घेतलं असतं. एवढंच करायचं होतं. औषधाची रिकामी बाटली त्यांनी पाहिली होती. तिने ती धुऊन रॉकेलसाठी ठेवली होती, आणि बाटली कामाला आली हे पाहून त्यांना बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की सातव्या पुरवणीत त्यांनी त्याची नोंद केली होती.

एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता शेवटची बैठक भरली. दाराबाहेर कर्णा फेऱ्या मारत होता. तो हळू चालायचा प्रयत्न करत होता तरी त्याचे बूट ऐकू येत होते. सगळं आटोपल्यासारखंच होतं. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि बाविसाव्या रकान्यावर पेन्सिल ठेवली.

"औषध. इथे समितीला एक मोठी संधी आहे. नमुना घराला औषध लागत नाही. नीटनेटकी राहणी, बेताचं खाणं, त्याचा हा परिणाम. सातवी पुरवणी पाहा, औषधाची जुनी बाटली ही स्त्री रॉकेलसाठी वापरते. माझी सूचना आहे की कारकून वर्गासाठी औषधाचा रकानाच वगळावा."

"चाळीस हजार घरांत एकाही माणसाला औषध लागत नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आपण नमुना एकच धरलाय, बाई. नमुन्याला लागत नाही, तर कुणालाच लागत नाही. नमुन्याचा अर्थच तो."

न्यायमूर्तींनी डोळे न उघडता हात किंचित हलवला. "घ्या लिहून."

मास्तरांनी 'बावि' एवढं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. हा तोच हात होता, सांगितलेलं लिहिणारा. गप्प बसलं तर दोघांचा भत्ता राहील, आणि ती राहील. लढाई संपेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या पगारपत्रकात एक चमचा साखर आणि बिनऔषधाची राहील. आणि चाळीस हजार घरांत कुणीतरी नवऱ्याला सांगेल की मला आता लागत नाही, आणि समोर नवरे पेपर वाचत बसलेले असतील. बोललं तर कदाचित कर्णा म्हणतो तसं होईल, एका तोंडावर सगळे. दोन्हीकडून त्यांनी हिशेब करून पाहिला आणि तो जुळेना. आयुष्यात पहिल्यांदा न जुळलेला हिशेब तसाच ठेवून ते उभे राहिले. टिपणं घेणारा कारकून बैठकीत कधी उभा राहत नाही, त्यामुळे प्राध्यापकांना वाटलं दिवा गेला, आणि त्यांनी वर पाहिलं.

"साहेब, दोनशे सतरा नंबरचं घर माझं आहे."

"अरे वा," प्राध्यापक म्हणाले. "अभिनंदन."

"त्या घरातली बाई गेली."

"कुठे?"

"वारली. हा अर्ज मी भरला त्याच्या आधी सात आठवडे. माणसं दोन लिहिली ती माझी चूक, त्याची जी काही शिक्षा असेल ती मला द्या. पण बाकीचे आकडे बरोबर आहेत. छातीचं दुखणं होतं, औषध लागत होतं. पगार गोठला तेव्हा तिने ते सोडलं आणि मला नाही म्हणून सांगितलं, आणि मी ते तुम्हाला लिहून दिलं. साखर आधीच कमी केली होती. तुम्ही गेले तीन आठवडे जे जे कापताय ते तिने आधी एकदा कापून झालंय." थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "एवढ्यात माणूस जगतं का, हेच ठरवायचं आहे ना समितीला? ते आमच्या घरी करून पाहिलंय, साहेब. नाही जगत."

दाराबाहेरचे बूट थांबले. प्राध्यापकांनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "फार वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण मग तांत्रिकदृष्ट्या, या घरात आता एकच माणूस..."

"प्राध्यापक, थांबा." न्यायमूर्तींचे डोळे उघडे होते. ते कधीपासून उघडे होते ते कुणालाच सांगता आलं नसतं. "साक्षीदार बोलतोय. दोन माणसं एका प्रमाणावर ठेवली आणि त्यातलं एक मेलं, तर त्यातून घर एका माणसाचं ठरत नाही. प्रमाण चुकीचं ठरतं. हे मी पंचेचाळीस वर्षांत शिकलोय." ते थोडं पुढे वाकले. "पाचला आकडे द्यायचेत. दुसरं घर शोधायला वेळ नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. घर हेच राहील, माणसं दोनच राहतील. मास्तर, तुम्ही सांगा. तिला नीट जगायला काय काय द्यायला हवं होतं?"

मास्तर टिपण घ्यायला खाली बसू लागले.

"तुम्ही नका लिहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही लिहितो."

समितीतल्या तिघांनी पेन्सिली शोधल्या. न्यायमूर्तींच्या पेन्सिलीला टोक नव्हतं. प्राध्यापकांनी कानावरची काढून त्यांना दिली आणि स्वतः खिसे चाचपू लागले. मास्तर उभे होते. हातात काही नसताना हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना. हा प्रश्न अडतीस रकान्यांत कुठेच नव्हता, आणि घरीही कधी निघाला नव्हता. त्यांनी मान वर केली, मनात तिला विचारून पाहिलं, आणि यावेळी ती काही बोलली नाही. बोलली असती तरी काय, मला काही नको, एवढंच म्हणाली असती. हे त्यांचं त्यांनाच सांगायला लागणार होतं.

"आधी कोळसा लिहा," ते म्हणाले. "सकाळचा. ती माझ्याआधी तासभर उठायची, गारठ्यात."